रूथची थर्माकोलची पेटी आणि हंगामाचा लिलाव

शिरूर,
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर.

प्रिय आणि वडीलधारे जेम्सदाजी यांना,

शिरूरहून धाकटा मेहुणा याकोब याचा वाकून सलाम. ताईलाही सलाम सांगा. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवाल तेव्हा जिथं तिच्या भावाची अब्रू जाते तिथं जरा खोकून पुढं सरका.

नवा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मनाई केली असं ताई सांगत होती. तुम्ही आयुष्यात खुर्ची सोडून दुसरीकडं बसल्याचं मला तरी आठवत नाही, त्यामुळे हे पथ्य जड जाऊ नये. वसईची हवा मानवते का? सूनबाई स्वीटीची नोकरी कशी चाललीय? इकडं प्रभूच्या कृपेनं सगळे ठीक. रूथच्या आईची साखर वर आहे आणि माझा आवाज खाली बसलाय (का बसला ते पुढं येईलच). फोन करणार होतो, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, म्हणून पत्र.

परवाच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. तुम्ही नसलेला पहिलाच. उपासना छान झाली, पाळकसाहेबांनी प्रथमफळांवर बोध केला: आपल्या कष्टाचं जे पहिलं हाती येईल ते देवापुढं ठेवावं, वगैरे. लोकांनी भोपळे, बाजरीची कणसं, अंडी, लोणच्याच्या बरण्या, एक करडू, असं सगळं आणून मांडलं. आणि मग लिलाव कोण पुकारणार यावर मंडळींनी एकमेकांची तोंडं बघितली. शेवटी सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. एस.टी.त कंडक्टर म्हणून जन्म गेला, म्हणजे आवाज असणारच, असा त्यांचा हिशेब. मी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मी त्या घटकेची वाटच बघत होतो. इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभा राहून मी पावत्या फाडल्या. तुम्ही एक लिंबू उंच धरायचात आणि म्हणायचात, हे लिंबू खाल्लं तर म्हातारा काठी टाकून पळत सुटेल, आणि लोक हसत हसत बोली वाढवायचे. ज्याला मिळायचं तो ते पुन्हा देवाला अर्पण करायचा, तुम्ही पुन्हा ते उंच धरायचात, आणि तेच लिंबू चार-चार वेळा विकलं जायचं. शेवटी ते मऊ पडायचं, पण चर्चचं छप्पर दुरुस्त व्हायचं. त्या लिंबाची थोरवी खरी मानून कुणी घरी गेलं नाही, कारण ते लिंबू होतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, दाजी. माझा सगळा घोटाळा त्यातच आहे.

आता शनिवारकडं मागं जातो. शनिवारी संध्याकाळी रूथ पुण्याहून गाडी घेऊन आली. (जुनी घेतलीय. चांगली आहे. गिअर टाकताना तेवढी कण्हते.) सोमवारी तिला संभाजीनगरला एका प्रयोगशाळेत जायचं होतं, वाटेत सणाला घरी थांबली. बरोबर थर्माकोलची एक पेटी, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. फ्रिजमध्ये ठेवू म्हणाली, तर फ्रिजमध्ये तिच्या आईनं सणाच्या जेवणाचं इतकं कोंबून ठेवलेलं की वांग्याला हलायला जागा नव्हती. मग पेटीत बर्फाच्या थंड पिशव्या आहेतच, सोमवारपर्यंत टिकतील, असं म्हणून तिनं ती दाराशी सावलीतल्या कट्ट्यावर ठेवली आणि मला सांगितलं, पप्पा, हिला हात लावायचा नाही. हे वाक्य मी ऐकलं होतं. नंतर तिनं जेवताना जे सांगितलं त्यापुढं ते विसरलो.

तुमची भाची पुण्यात काय करते असं कुणी विचारलं की मी आजवर ‘औषधाचं’ एवढंच सांगायचो, कारण मलाही तेवढंच ठाऊक होतं. शनिवारी मी नीट विचारलं. तिनं भाकरी मोडता मोडता सांगितलं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत, कुठलं काम कसं करायचं याचे हुकूम लिहून ठेवलेले असतात. त्याला जीन म्हणायचं. काही माणसांत जन्मतःच एखादा हुकूम चुकीचा लिहिलेला असतो. मग नीट लिहिलेला हुकूम बाहेरून आत नेऊन द्यायचा. पण तो उघडा रक्तात सोडला तर वाटेतच त्याचे तुकडे होतात. कुणी तो विषाणूच्या पाठीवर बसवून पाठवतात, कारण पेशीत घुसण्यात विषाणू पटाईत. मात्र त्याच्या पाठीवर मोठा हुकूम मावत नाही, आणि शरीर एकदा त्याला ओळखायला लागलं की दुसऱ्यांदा दारातच अडवतं. म्हणून रूथचे लोक विषाणूला हातच लावत नाहीत. ते स्निग्ध पदार्थाच्या गोळ्या करतात आणि त्यात हुकूम गुंडाळतात. गोळी केवढी, मी विचारलं. ती म्हणाली, माणसाच्या एका केसाच्या जाडीवर हजारभर ओळीनं बसतील. आणि त्या पेटीत किती आहेत? ती म्हणाली, पृथ्वीवर माणसं आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त. दाजी, माझा घास हातात राहिला. मी दाराकडं बघितलं. कट्ट्यावर ती पेटी, तिच्यावर आमची मांजर बसलेली, आणि आत सगळ्या जगाहून मोठी गर्दी. मी उठून मांजर खाली उतरवली.

आणि मग ती हसून म्हणाली, पप्पा, चार वर्षं झाली, आता कुठं पहिलं चांगलं पीक हाती आलंय.

आता तुम्हीच सांगा. लहानपणी ज्या पोरीनं स्वतः लावलेली पहिली मिरची देवाला नेली (आणि ती इवलीशी मिरची लिलावात धरताना तुम्हाला चष्मा लागला होता), पहिल्या पगारातून चर्चला पंखा दिला, ती पोर सणाच्या आदल्या संध्याकाळी येते, पहिलं पीक हाती आलं म्हणते, आणि पेटी दाराशी, बरोबर अर्पणाच्या कोंबड्याशेजारी ठेवते. बापानं काय समजायचं? आम्ही यंदा कोंबडा द्यायचा ठरवलेला. सकाळी दाराशी आलो, कोंबड्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, आणि माझे डोळे भरून आले. कोंबडा तिथंच बांधून ठेवला आणि पेटी उचलली. चर्चपुढच्या मांडवात ती सगळ्यांत पुढं मांडली, भोपळ्यांच्याही पुढं. रूथ मागं आईबरोबर पुऱ्या तळत होती, तिला काही पत्ता नाही.

लिलाव मी झकास पुकारला, हे तुम्हाला पाळकसाहेबही सांगतील. भोपळे गेले, बरण्या गेल्या, करडू दोनदा गेलं. शेवटी मी पेटी उचलली. म्हटलं, मंडळी, हे माझ्या मुलीच्या कष्टाचं प्रथमफळ. आणि मग तुमच्या वळणावर गेलो. ह्या पेटीत अशी गोळी आहे की जी पेशीच्या आत शिरते आणि देवाच्या हातून लिहिताना राहिलेलं दुरुस्त करते (इथं पाळकसाहेब जरा चुळबुळले). लंगडा उड्या मारील, टकल्याला भांग पाडावा लागेल. लोक हसत होते. हॉटेलवाला पोपट पहिल्या बोलीला उभा राहिला. त्याला पेटीत सुरमई असणार अशी खात्री होती, थर्माकोलमधून दुसरं काही येतं हे त्याला मान्य नाही. आणि मागून एक हात वर आला. कवठे येमाईचे हौसराव.

हौसराव तुमच्या ओळखीचे. पांढरी टोपी, बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचा जन्म आपल्या मिशनच्या जुन्या दवाखान्यात झाला, म्हणून दर वर्षी न चुकता लिलावाला येतात आणि ज्याच्यावर कुणी बोली लावत नाही ते घेऊन जातात. (मागं त्यांनी तबला घेतलेला. एकच. डग्गा नव्हता.) त्यांनी यंदा बोलीच्या आधी प्रश्न विचारला, जे ते कधी करत नाहीत. म्हणाले, “याकोबराव, डोळ्यालाबी चालंल का?”

मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी पेटी डोक्याच्या वर धरली आणि म्हटलं, डोळ्याला? हौसराव, आंधळ्याला सुईत दोरा ओवायला लावील. सगळा मांडव हसला. हौसराव हसले नाहीत, हे मला दिसलं होतं, आणि मला वाटलं माणसाला विनोद उशिरा कळतो. मग त्यांनी अशी बोली लावली की पोपट सुरमईवरचा हक्क सोडून खाली बसला. एक वार, दोन वार, तीन वार. पेटी छातीशी धरून, जेवायलाही न थांबता, ते गाडीत बसून गेले.

पुढचं रूथच्या आईला विचाराल तर ती जास्त चांगलं सांगेल, कारण ती तेव्हापासून तेच सांगतेय. रूथ हातात झारा घेऊन बाहेर आली आणि माझी पेटी बघितली का म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, बाळा, सगळ्यात मोठी बोली तुझ्या अर्पणाला लागली. झाऱ्यातून तेल ठिपकत होतं. तिनं तो आईच्या हातात दिला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, पप्पा, चला.

कवठे येमाईपर्यंत तिनं गाडी नुसती पळवली. मी हौसरावांना फोन लावत होतो. नुसता वाजत होता. त्यांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा कळलं की तो पुतळाबाईंच्या, म्हणजे हौसरावांच्या मालकिणीच्या, हातात वाजतोय. त्या म्हणाल्या, “चांगल्या कामाला जाताना त्ये फोन घरी ठेवत्यात. ह्यो मगाधरनं वराडतुया, मला काय उचलता येत न्हाई.” मग जी बातमी आम्हाला हवी होती ती त्यांनी चहा घेतल्याशिवाय सांगितली नाही. हौसराव घरी आलेच नव्हते. मांडवातून निघाले ते परस्पर भांडगावला, लेकीकडं. का, तर नातीच्या डोळ्यांसाठी देवानं औषध धाडलं म्हणून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आलाय. पुतळाबाई हे सांगताना आमच्या रूथच्या पाया पडायला वाकल्या. रूथनं त्यांना वरचेवर धरलं आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी लिंबू विकलं नव्हतं.

तर कवठ्याहून उलटं शिरूर, शिरूरहून न्हावरा, तिथून चौफुल्याच्या रस्त्याला लागलो. गाडीत मी अगदी लहान आवाजात विचारलं, रूथ, त्यात खरंच डोळ्याचं औषध नाही का? मग ती बोलायला लागली, आणि मी जे ऐकलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, मग तुमचा गुडघा दुखो की राहो.

ती म्हणाली, पप्पा, औषधाची गोष्ट फार पुढची, आम्ही अजून पोचायलाच शिकतोय. ही गोळी शिरेतून टोचली की बहुतेक सगळी यकृतात जाऊन उतरते, तिला कुठंही पाठवा. (हे मला लगेच पटलं. आमच्या मार्गावर कुठलीही गाडी काढा, माणसं चौफुल्याला उतरायचीच.) आणि समजा हव्या त्या पेशीपर्यंत गेली, तर पेशी तिला आत घेते खरी, पण एका पिशवीत कोंडून घेते. ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि आतलं सगळं पचवून टाकते. पेशीच्या आत जाऊनही हुकूम बाहेरच. इथं बहुतेक गोळ्या मरतात. रूथची सगळी चार वर्षं ह्या एका पिशवीत गेलीत. तिनं कालवलेली गोळी बाहेर रक्तात असते तेव्हा गरीब स्वभावाची, कुणाला चिकटायची नाही. पण पिशवीत आंबटपणा लागला की तिचा स्वभाव पालटतो, ती पिशवीच्या भिंतीला जाऊन भिडते, भिंत फाटते आणि हुकूम बाहेर पडतो. शंभरातल्या एक-दोनच सुटतात. त्या एक-दोनाच्या तीन-चार व्हाव्यात म्हणून एकेक घटक बदलत, पुन्हा कालवत, पुन्हा बघत, पुन्हा फेकून देत तिनं इतके दिवस काढले. ह्या खेपेला पहिल्यांदा जरा जास्त सुटल्यासारख्या वाटल्या. ते खरं का हे दुसऱ्या लोकांनी तपासायचं होतं. म्हणून संभाजीनगर.

दाजी, न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत मी गप्प बसलो. त्या रस्त्यावर मी इतका वेळ गप्प बसल्याचं एस.टी.च्या इतिहासात नाही. माझ्याच घरात वाढलेली पोर, भोपळ्याची भाजी नको म्हणून रडणारी, तिला पेशीच्या आतल्या पिशवीची आंबट-गोडी ठाऊक. आणि ज्यानं ती पिशवी केली, जी परक्याला आत घेते पण लगेच विश्वास टाकत नाही, त्याची करणी मी प्रत्येक रविवारी बाकावर बसून गातो आणि मला तिचा पत्ताच नव्हता. मला भीती वाटली, खरं सांगतो. चांगली भीती, मोठ्या डोंगरापुढं वाटते तशी.

भांडगावला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. हौसरावांची लेक अनुपमा दारात आली. तिची मुलगी राजनंदिनी, अकरावीत शिकते, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. तिला जन्मतःच डोळ्याच्या पडद्याचा आजार. दिवसाही फक्त समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि उजेड उतरला की समोरचंही बुजत जातं. मग ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत जाणार, इलाज नाही. पेटी कुठं आहे असं रूथनं विचारलं, तर अनुपमानं फ्रिज उघडला. दाजी, पेटीवर हळदीकुंकू. वर फूल. शेजारी नारळ. अनुपमा म्हणाली, “थंडगार लागली म्हून म्या वरच्या बर्फातच ठिवणार व्हते, पर तिथं मागच्या थंडीतला मटार भरलाय.” रूथनं पेटी अलगद उचलून ओसरीवर आणून ठेवली. बर्फात गोठली असती तर एक गोळी धड राहिली नसती. त्या मटाराला देव बरकत देवो.

हौसराव बाजेवर बसले होते. म्हणाले, “आलात ते बरं झालं. म्या उघडली न्हाई. तुमीच उघडा, पोरी, आन् घाला तिच्या डोळ्यात.”

मी काहीतरी गुळमुळीत सुरू केलं, की हे बघा हौसराव, लिलावात बोलायची एक पद्धत असते. रूथनं मला हातानं थांबवलं. ती राजनंदिनीच्या समोर, तिला दिसेल अशी बसली आणि सगळं सरळ सांगितलं. यात औषध नाही. यात काजवा ज्याच्यामुळं चमकतो त्याचा हुकूम आहे, एवढाच. पेशीत पोचला तर पेशी मिणमिणते, नाही पोचला तर अंधार. पार्सल पोचलं का ते बघायची ही युक्ती. डोळ्यात घातलं तर फायदा नाही, अपाय होऊ शकतो. ज्या दिवशी पोचवणं जमेल त्या दिवशी काजव्याच्या जागी खरा हुकूम ठेवता येईल. तो दिवस कधी येईल ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी म्हणणार नाही.

गोठ्यात गाईची साखळी वाजली. हौसराव रूथकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. म्हणाले, “याकोबराव, तुमी देवाच्या दारात बोलला व्हता.”

दाजी, डेपो मॅनेजरनं चारचौघांत झापलंय, तुम्ही झापलंय, ताईनं तर मारलंय. पण ह्या एका वाक्यानं जे झालं ते कशानंच नाही. चुकलो, एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तो अजून पुरता आलेला नाही. (रूथची आई म्हणते लिलावात ओरडल्यामुळे. तिला म्हणू दे.)

राजनंदिनीनं विचारलं, “ताई, मग पोचतंय का?”

रूथ म्हणाली, शंभरातलं एखाद-दुसरं.

“बाकीची?”

बाकीची वाटेत संपतात.

ती म्हणाली, “एक तरी पोचतंय म्हंजी वाट हाय.” आणि तिनं हात पुढं करून पेटी चाचपली, तिच्यावरचं फूल काढून बाजूला ठेवलं.

हौसराव उठले. उपरण्यानं पेटीवरचं कुंकू पुसलं. रूथ हात पुढं करणार तोच म्हणाले, “थांब, पोरी. देवाच्या लिलावातला माल म्या माघारी देत न्हाई. आमच्यात तसलं बसत न्हाई.” मग ते माझ्याकडं वळले. “पर तुमच्यात रीत हाय न्हवं, घेनाऱ्यानं पुन्यांदा देवाला द्यायची? म्या दिली. पुकारा.”

म्हणून दाजी, भांडगावच्या त्या ओसरीवर, गाय आणि पाच माणसं एवढ्या मंडळीत मी यंदाचा दुसरा लिलाव पुकारला. पेटी हातात घेतली, पण डोक्याच्या वर धरली नाही. काय म्हणावं सुचेना. शेवटी घोगऱ्या आवाजात एवढंच म्हटलं, थर्माकोलची पेटी आहे, आत जे आहे ते आहे. आयुष्यातली ही माझी सगळ्यात खरी जाहिरात. रूथनं पर्समध्ये हात घातला, तर हौसराव म्हणाले, “पैशाची बोली नगं. ती म्या लावून बघितली.”

रूथनं पर्समधला हात बाहेर काढला आणि बोली लावली. दर वर्षी हंगामाच्या सणाला मी येईन आणि काम कुठवर आलं ते राजनंदिनीला खरं खरं सांगेन. पुढं गेलं असेल तर पुढं, मागं गेलं असेल तर मागं. काहीच झालं नसेल तरी येईन आणि काहीच झालं नाही म्हणून सांगेन.

यावर कुणाची बोली आली नाही. मी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं. तिसरा काही माझ्या तोंडून निघेना. राजनंदिनी म्हणाली, “तीन वार.” हौसरावांनी माझ्या हातून पेटी घेऊन रूथच्या हातात दिली आणि धोतराचा सोगा डोळ्याला लावला. आम्ही सगळ्यांनीच आपापलं काही ना काही डोळ्याला लावलं. मग अनुपमानं पिठलं-भाकरी वाढली आणि हौसरावांनी मला आग्रह करून करून वाढलं. रागावलेला माणूस असं वाढत नाही, एवढं मी त्यातून धरून चाललोय.

पेटीतली, गरमी लागली की रंग बदलणारी पट्टी हिरवीच होती, म्हणजे माल शाबूत. काल सकाळी रूथ संभाजीनगरला गेली. कळावं, लोभ होता तेवढाच ठेवा, वाढवण्याजोगं ह्या खेपेला मी काही केलेलं नाही.

तुमचा आज्ञाधारक (ताईचं मत निराळं पडेल) मेहुणा,
याकोब

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासून केली, पण पत्र त्यासाठी नाही. रूथ सांगत होती की राजनंदिनीचा नेमका कुठला हुकूम बिघडलाय हे आजवर कुणी तपासलेलंच नाही. रक्ताची तपासणी असते म्हणे. ते कळल्याशिवाय उद्या कुठं काही निघालं तरी तिच्या उपयोगाचं आहे की नाही हे कळणार नाही. स्वीटी मुंबईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट काढून द्यायला सांगा. अनुपमा आणि पोर तुमच्याकडं उतरतील. माळकरी घर आहे, तेव्हा ताईनं दोन दिवस बोंबलाला सुट्टी द्यावी. आणि दाजी, त्यांच्यापुढं बोलताना तुम्ही लिंबाच्या थाटात बोलायचं नाही. हे मी तुम्हाला सांगावं असे दिवस आलेत.

ता. क. २ पुढच्या सणाचा लिलाव तुम्हीच पुकारणार असं मी मंडळींना सांगून टाकलंय. नवा गुडघा तोवर वळेल. कोंबडा अजून दाराशीच आहे. रूथच्या आईचं म्हणणं, त्या पेटीनं त्याचा तरी जीव वाचवला, म्हणजे औषध कुणाला तरी लागू पडलं. त्याला आता कापायचं नाही असं ठरलंय आणि तो पहाटे जे काही करतो ते आम्ही सोसतोय.

ता. क. ३ पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज शुक्रवार. आत्ता रूथचा फोन आला. पेशी मिणमिणल्या. तिथल्या लोकांनी दोनदा करून बघितलं. आधीपेक्षा जास्त सुटल्या, फार नाही, पण जास्त. मी म्हटलं, फोटो पाठव, बघू तरी कसा उजेड पडतो. ती म्हणाली, पप्पा, तो इतका मंद असतो की माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, अंधाऱ्या डब्यात यंत्रालाच दिसतो. बोलीप्रमाणं तिनं आधी भांडगावला फोन करून हेच सगळं सांगितलं होतं. राजनंदिनीनं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, तुम्हालाही दिसत नाही? मोठ्या साहेबांनाही नाही? कुणालाच नाही? आणि मग म्हणाली, “म्हंजी तिथं आपन समदी सारखीच.”

अपॉइंटमेंट लवकरची घ्या, दाजी.